दारूचा महसूल आणि फुफीचे पंधराशे रुपये

2025 च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क दीडपट केले. त्यातून वर्षाला 14,000 कोटी रुपये जादा मिळतील, असा अंदाज वर्तमानपत्रांत छापून आला. चार दिवसांनी मी सांगलीला फुफीकडे गेलो होतो. मगरिबची नमाज झाली, चहा आला आणि फुफीने विचारले, "ते बँकेत येतात ते पंधराशे, ते दारूचे का रे?"

फुफी विधवा आहे. लाडक्या बहिणीचे पैसे तिला पहिल्या हप्त्यापासून मिळतात. गल्लीतल्या कोणीतरी तिच्या डोक्यात किडा सोडला होता, की सरकारची तिजोरी रिकामी झाली म्हणून दारू महाग केली आणि आता त्याच पैशातून हप्ते येणार. मी म्हटले, "फुफी, हलाल-हरामचे मौलानांना विचारा. माझा तो प्रांत नाही." पण परतताना एसटीत तोच प्रश्न डोक्यात फिरत राहिला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यात एक गंमतही दिसत होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वी याच प्रांतात निवडणूक झाली, नवे सरकार आले आणि तिजोरीचा असाच वाद पेटला. त्या वेळी तो उलट्या बाजूने पेटला होता. सरकार दारूचे पैसे सोडायला निघाले होते आणि भोक कशाने बुजवायचे यावर मारामारी होती.

1935 च्या कायद्याखाली 1937 च्या आरंभी प्रांतिक निवडणुका झाल्या. मुंबईच्या विधानसभेत 175 जागा, त्यात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष. मुस्लिम राखीव जागांपैकी निम्म्याहून जास्त लीगकडे गेल्या. काँग्रेसने आधी मंत्रिपदे नाकारली, म्हणून सर धनजीशा कूपर यांचे तात्पुरते मंत्रिमंडळ आले. त्यात अर्थखाते जमनादास मेहतांकडे होते. जुलैत बाळासाहेब खेर मुख्य प्रधान झाले. त्यांनी शिक्षण स्वतःकडे ठेवले, आबकारी डॉ. गिल्डर यांना दिली आणि अर्थखाते अण्णा बाबाजी लठ्ठे यांना.

लठ्ठे आमच्या भागातले. जन्म कुरुंदवाडचा, जैन घराण्यातला, शाहू महाराजांचे चरित्रकार, कोल्हापूरचे माजी दिवाण. सांगलीत त्यांच्या नावाची शिक्षण संस्था आहे, पण ते प्रांताचे अर्थमंत्री होते हे तिथे शिकलेल्या दहाजणांना विचारले तर दोघेच सांगतील. चूक त्यांची नाही. आपण इतिहासात लढाया शिकवतो, अंदाजपत्रके शिकवत नाही.

लठ्ठ्यांच्या हाती आलेली तिजोरी आधी समजून घ्यायला हवी. प्राप्तिकर, जकात, मीठ ही वाढती उत्पन्ने दिल्लीची. प्रांताकडे मुख्यतः शेतसारा आणि आबकारी. ऑटो निमेयर साहेबांनी 1936 मध्ये वाटणी ठरवली. त्यात प्राप्तिकरातला प्रांतांचा हिस्सा निम्मा आणि त्या हिश्श्यातले 20 टक्के मुंबईला, हे कागदावर लिहिले गेले. पण रेल्वेची आणि केंद्राची प्रकृती सुधारेपर्यंत केंद्राला त्यातून हात मारण्याची मुभा होती. वर पुन्हा गव्हर्नरचा पगार, कर्जाचे व्याज, न्यायाधीशांचे वेतन यांवर विधानसभेला मतच देता येत नव्हते. मंत्र्यांनी स्वतः कराचीच्या ठरावाप्रमाणे महिना 500 रुपये घ्यायचे आणि त्यांच्या हाताखालच्या आयसीएस सेक्रेटरीने त्याच्या कितीतरी पट उचलायचे, त्यालाही हात लावता येत नव्हता.

प्रांताचा सारा महसूल साधारण 12 कोटींचा. त्यात आबकारी 3 कोटींच्या वर, म्हणजे रुपयातले चार आणे दारू-ताडीचे. आणि काँग्रेसने मतदाराला दारूबंदीचा शब्द दिलेला.

गांधीजींना या हिशेबाची चीड होती. मुलांच्या शाळेसाठी सरकारला दारूच्या उत्पन्नाकडे बघावे लागते, याहून क्रूर थट्टा नाही, असा त्यांच्या 1937 च्या लेखनाचा आशय. त्यांचा उपाय मात्र वेगळाच निघाला. त्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मूल हाताने काम करत शिकेल आणि त्या कामातून शाळेचा खर्च काही प्रमाणात निघेल, ही कल्पना. आमच्याकडे वर्धा योजना म्हटले की लीगने घेतलेले धार्मिक आक्षेप आणि मध्य प्रांतातल्या विद्यामंदिराच्या नावाचा वाद तेवढा आठवतो. त्या योजनेचे एक मूळ आबकारीच्या आकड्यात होते, हे कोणी सांगत नाही. खुद्द झाकिर हुसेन समितीने अहवालात सावध केले होते की, कमाईच्या बाजूवर जोर पडून शिक्षणाची बाजू मागे पडण्याचा धोका आहे. जामियाच्या या माणसाला शाळा कशा चालतात हे ठाऊक होते.

दारू आणि शाळा यांचा हिशेब बाबासाहेब आंबेडकरांनी दहा वर्षे आधीच मांडला होता. 1927 मध्ये मुंबई कौन्सिलात ते बोलले की, सरकार आबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त काढते आणि शिक्षणावर माणशी 14 आणे घालते. जितके काढता तितके तरी शिक्षणावर घाला, ही त्यांची मागणी. लक्षात घ्या, बोलणारा नुसता वक्ता नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती हाच त्यांच्या कोलंबियातल्या प्रबंधाचा विषय आणि तो ग्रंथ 1925 मध्ये लंडनला छापला गेला होता. 1937 नंतर ते स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून लठ्ठ्यांच्या समोरच्या बाकावर बसले. दारू वाईट की चांगली यावर त्यांना वाद घालायचा नव्हता. हाताशी पैसा थोडा असताना आधी काय, दारूबंदी की शाळा-दवाखाने, एवढाच त्यांचा सवाल. मला हा सवाल आजही त्या काळातला सर्वांत नेमका वाटतो. आणि काँग्रेसवाल्यांकडे त्याचे उत्तर नव्हते, नैतिक आवेश होता.

1938 च्या जुलैत अहमदाबादेत प्रयोग झाला. मग मुंबई शहराची पाळी आली, तारीख ठरली 1 ऑगस्ट 1939. शहरातल्या आबकारीवर पाणी सोडायचे म्हणजे तुटीचा खड्डा मोठा. फेब्रुवारीच्या अंदाजपत्रकात लठ्ठ्यांनी तो बुजवायची वाट सांगितली: शहरी स्थावर मालमत्तेवर वार्षिक भाड्याच्या दहा टक्के कर.

आणि इथे आमची माणसे कथेत येतात. मुंबईत मेमन, बोहरा, कोकणी मुसलमान यांच्याकडे चाळी होत्या. पुष्कळ वक्फांचे उत्पन्न म्हणजे भाडे, त्यातून मशिदीचा दिवा आणि मदरशाचा खर्च चाले. मुस्लिम घरमालक आणि लीग या कराविरुद्ध उभे राहिले. युक्तिवाद असा की, आमच्यात शराब हराम, आम्ही पीत नाही, मग पिणाऱ्यांचे पैसे बुडाले ते आम्ही का भरायचे? पारशांची तक्रार निराळी होती. दारू-ताडीच्या धंद्यात त्यांची माणसे, मालमत्ताही त्यांच्या, म्हणजे दोन्हीकडून मार. गिल्डर स्वतः पारशी, तेव्हा समाजाचे बोल त्यांना किती ऐकावे लागले असतील ते पाहा.

आमच्या लोकांचा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण मला तो कधी पटला नाही. कर म्हणजे खानावळीचे बिल नव्हे, ज्याने खाल्ले त्याने भरावे. दारू बंद झाली तर त्या चाळीतल्या गिरणी कामगाराच्या बायकोच्या हाती पगार पडणार होता, आणि त्यात मुसलमान विणकराची बायकोही होती. दारू हराम म्हणणाऱ्यांनी दारूबंदीच्या खर्चातला वाटा नाकारावा, हे जरा अवघडच. मात्र वक्फाच्या भाड्याची गोष्ट मी वेगळी धरतो. ते धर्मादायाचे पैसे होते आणि तो प्रश्न शांतपणे ऐकून घेण्याची तयारी सरकारने दाखवायला हवी होती. दोन समाजांमधली दरी त्या दोन वर्षांत रुंद होत होती. मालमत्ता करानेही तिच्यात आपली भर घातली.

सर बैरामजी जीजीभाय कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे, हा नाव बदललेला प्राप्तिकर आहे आणि प्राप्तिकर बसवण्याचा अधिकार प्रांताला नाही. मुंबई हायकोर्टाने ते मानले नाही. जमिनी आणि इमारतींवरचा कर म्हणून तो प्रांताच्याच यादीत बसतो, असा निकाल दिला. तिकडे मद्रासेत राजाजींनी हाच खड्डा बुजवायला 1939 मध्ये सरसकट विक्रीकर आणला, देशातला पहिला. मुंबईने तो 1946 मध्ये उचलला. म्हणजे आज आपण काडेपेटीवर जो कर भरतो, त्याच्या घराण्याचा आद्यपुरुष एका अर्थी दारूबंदीच आहे.

पुढचे तर कादंबरीत शोभावे असे. दारूबंदी लागू झाली, महिन्याभरात युरोपात महायुद्ध पेटले, नोव्हेंबरात खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. 1940 मध्ये हायकोर्टाने दारूबंदीच्या अधिसूचनेला कायद्याचा आधार नाही असे ठरवले आणि गव्हर्नरच्या राजवटीत बंदी सैल पडली. कर मात्र राहिला. ज्या खड्ड्यासाठी बसवला तो खड्डा भरत आला, तरी वसुली चालूच. सरकार कोणतेही असो, आलेला कर सहसा परत जात नाही. हे लठ्ठ्यांना माहीत होते की नाही कोण जाणे.

लठ्ठ्यांविषयी मला एका गोष्टीसाठी आदर वाटतो. मतदाराला दिलेला शब्द पाळताना त्याची किंमत कोण मोजणार, हे त्यांनी अंदाजपत्रकातच लिहिले. ज्यांना मोजायची होती ते ताकदवान होते, शहरातले होते, वर्तमानपत्रे त्यांच्या हातात होती. तेव्हा मतदानाचा हक्कही सगळ्यांना नव्हता. मालमत्ता, कर किंवा शिक्षण असलेल्यांनाच तो होता, म्हणजे दहा टक्के बसले ते नेमके मतदारांवर.

2024 च्या नोव्हेंबरात आपल्याकडे उलटे झाले. महिना 1,500 चे 2,100 करू, असा शब्द प्रचारात दिला गेला, कोणाकडून घेऊन ते बोलले गेले नाही. मार्च 2025 च्या अंदाजपत्रकात महसुली तूट 45,891 कोटी आणि राजकोषीय तूट 1 लाख 36 हजार कोटींच्या वर दिसली. 2,100 आले नाहीत. जूनमध्ये दारू महाग झाली. विरोधकांनी तुटीवर भाषणे केली, पण त्यांच्या जाहीरनाम्यात तर महिना 3,000 होते. बाबासाहेबांचा "आधी काय" हा सवाल दोन्ही बाकांवरून कोणी विचारला नाही.

पंधराशे रुपये फुकटचे आहेत असे माझे मत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. माझ्या ओळखीच्या सुशिक्षित लोकांना तूट दिसते ती बाईच्या खात्यात पैसे गेल्यावरच. साखर कारखान्यांच्या कर्जाला सरकारने हमी दिली तेव्हा त्यांना ती दिसत नाही.

बकरी ईदनंतर पुन्हा सांगलीला गेलो तेव्हा फुफीला हे सगळे थोडक्यात सांगितले. लठ्ठ्यांचे नाव ऐकून ती म्हणाली, "ते कॉलेजवाले?" मग मौलानांनी काय सांगितले ते मी विचारले. तिने त्यांना विचारलेच नव्हते. तिने आपली व्यवस्था आपणच लावली होती. सरकारचे पंधराशे लाइट बिलाला आणि रक्तदाबाच्या गोळ्यांना, आणि सदका द्यायचा तो फुफांच्या पेन्शनमधून. दोन्ही पैसे कपाटात दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवले होते, निळीत सरकारचे, हिरवीत फुफांचे.