लाइव्ह रीलोड

वेबसाइटच्या कोडची फाइल सेव्ह केली की ब्राउझरमध्ये उघडे असलेले पान आपोआप ताजे करणारी सोय. ती नसेल तर डेव्हलपरला प्रत्येक बदलानंतर एडिटर सोडून ब्राउझरमध्ये जावे लागते आणि एफ५ दाबावे लागते. देवनागरी मजकुराच्या ओळींमधले अंतर ठरवताना वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो का, हे पाहायला अशा फेऱ्या दहा-वीसदा होतात. दर फेरीत नजर हलते आणि मघाशी ओळी कशा दिसत होत्या ते डोळ्यांपुढे राहत नाही. लाइव्ह रीलोडची खरी किंमत इथे कळते. वाचलेले सेकंद त्यापुढे किरकोळ.

२०१०च्या सुमारास आंद्रेय तारांत्सोव्ह यांनी तयार केलेल्या ‘लाइव्हरीलोड’ या साधनामुळे ही पद्धत पसरली. त्यात संगणकावरचा एक छोटा प्रोग्राम प्रकल्पाच्या फोल्डरवर लक्ष ठेवतो. फाइल बदलल्याची वर्दी त्याला ऑपरेटिंग सिस्टिमच देते : लिनक्सवर आयनोटिफाय, मॅकवर एफएसइव्हेंट्स. पानात एक्स्टेन्शनने किंवा स्क्रिप्ट टॅगने घातलेली जावास्क्रिप्ट ३५७२९ या पोर्टशी वेबसॉकेटने जोडलेली असते. वर्दी येताच तो प्रोग्राम या जावास्क्रिप्टला बदललेल्या फाइलचे नाव कळवतो आणि पान पुन्हा लोड होते.

फाइल सीएसएसची असेल तर मात्र पान जागचे हलत नाही. ही या साधनातली सर्वांत देखणी युक्ती. स्क्रिप्ट स्टाइलशीटच्या लिंकची प्रत करते आणि ब्राउझरने कॅशमधली जुनी शीट उचलू नये म्हणून पत्त्याला वेगळी शेपटी जोडते. नवी शीट उतरली की जुनी लिंक काढून टाकते. अर्धा भरलेला फॉर्म, उघडलेला मेनू, स्क्रोलची जागा, सारे जसेच्या तसे राहते.

जावास्क्रिप्टसाठी हेच साधणे फार कठीण, कारण प्रोग्राम चालू असताना त्याची स्थिती न गमावता त्याचा एक भाग बदलायचा असतो. वेबपॅक या कोड बांधणाऱ्या साधनाच्या ‘हॉट मॉड्यूल रिप्लेसमेंट’ने ती वाट रुळवली. २०१९ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह ०.६१ सोबत आलेले ‘फास्ट रिफ्रेश’ फंक्शन कंपोनंटची स्थिती शक्य तिथे टिकवते. क्लास कंपोनंट मात्र नव्याने उभे राहतात. इव्हान यू यांच्या २०२० मधल्या ‘व्हीट’मध्ये डेव्हलपमेंटच्या वेळी ब्राउझर मॉड्यूल थेट मागवतो, त्यामुळे एका फाइलीच्या बदलासाठी सगळा कोड पुन्हा बांधावा लागत नाही. ‘ब्राउझरसिंक’ची दिशा वेगळी : एका फोनवर केलेले स्क्रोल आणि क्लिक ते शेजारच्या जोडलेल्या उपकरणांवरही घडवते.

वर्दीच पोहोचली नाही तर ही सगळी साखळी गप्प बसते. विंडोजवर लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएल २ मधून काम करताना फाइली विंडोजच्या ड्राइव्हवर असल्या की असे होते. ठरावीक वेळाने फाइली तपासत राहण्याची सोय अशा वेळी चालू करता येते, पण ती प्रोसेसरवर भार टाकते. प्रकल्प लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये हलवणे अधिक चांगले.