पेटाऱ्यातले संकेतस्थळ

कार्तिकी पौर्णिमा उलटली की दक्षिण कोकणात जत्रांचे दिवस सुरू होतात. कुडाळ तालुक्यात कर्ली नदीच्या काठी वालावल नावाचे गाव आहे. तिथे लक्ष्मीनारायणाचे जुने देऊळ आहे आणि देवळाला लागून एक शांत तळे आहे. ह्या गावाचे नाव लावून दशावतारी खेळ करणारी मंडळीही कोकणात प्रसिद्ध आहे. वाचकहो, आज मला दशावताराविषयी बोलायचे नाही. पण त्या मंडळींच्या पेटाऱ्याविषयी मात्र जरूर बोलायचे आहे.

दशावतारी मंडळी गावात येतात तेव्हा बरोबर काय आणतात? राजाचा मुकुट, संकासुराचा काळा वेष, गणपतीचा मुखवटा, तलवारी, रंग आणि वाद्ये. पडदा नाही, देखावा नाही, तंबू नाही. देवळापुढचा मांडव गावाचा, दिवाबत्ती गावाची, आणि एक बाकडे मागून घ्यायचे. तेच रात्रभर सिंहासनही होते आणि रथही होतो. पेटारा उघडला की घटकाभरात इंद्रसभा उभी राहते, पहाटे दहीकाला झाला की मिटते, आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी तीच सभा तशीच्या तशी पुन्हा भरते. पूर्वी हे ओझे नट स्वतःच डोक्यावर वाहून नेत. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण त्यातूनच आली.

आता ह्या पेटाऱ्याचा संगणकाशी संबंध काय, असे तुम्ही विचाराल. सांगतो.

आपण संकेतस्थळ म्हणतो ती वस्तू काही नुसत्या पानांची चवड नसते. पाने वाढणारा एक सर्व्हर लागतो. पाने रचणारी पीएचपीसारखी एखादी भाषा लागते. मजकूर साठवणारा डेटाबेस लागतो. ह्यातल्या प्रत्येकाच्या आवृत्त्या निघत असतात, आणि एका आवृत्तीवर सुरळीत चालणारे काम दुसरीवर अडते. करणारा आपल्या घरच्या यंत्रावर सगळे जुळवून घेतो, मग ते भाड्याच्या सर्व्हरावर चढवतो, आणि तिथे ते कोलमडते. त्यावर त्याचे उत्तर जगातल्या सगळ्या भाषांत एकच असते: ‘‘माझ्याकडे तर चालतं!’’

हे वाक्य मी घरातच ऐकले आहे. आमच्या घरी जुनी कागदपत्रे आहेत, बरीचशी मोडीत. भाच्याने हौसेने त्यांची यादी करायला घेतली. एका रकान्यात कागदाचा विषय बाळबोधीत, आणि त्याच रकान्यात शेवटी कागदाची पहिली ओळ मोडी लिपीत. शे-दीडशे नोंदी संध्याकाळी बसून टंकल्या. घरच्या यंत्रावर सगळे छान दिसत होते. मग यादी भाड्याच्या जागेवर चढवली, मुखपृष्ठ पाहिले, ते ठीक वाटले, आणि त्याच आठवड्यात पठ्ठ्याने घरचे यंत्र पुसून त्यावर नवी प्रणाली घातली. पुढे यादी उघडली, तर जिथे ‘वालावल’ लिहिले होते तिथे सहा प्रश्नचिन्हे.

सहाच का, ह्यात एक इतिहास आहे. संगणकाच्या हिशेबी ‘वालावल’ ह्या शब्दात सहा चिन्हे आहेत: व, काना, ल, काना, व, ल. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तीतच देवनागरीला जागा मिळाली होती. पण मायएसक्यूएल हा डेटाबेस घडला स्वीडनमध्ये. त्याची मुकाट धरलेली वर्णमाला होती पश्चिम युरोपची, आणि वर्णक्रम तर चक्क स्वीडिश. तुम्ही काही सांगितले नाहीत की तो तीच धरून चालायचा. देवनागरी अक्षर आले की त्याला ते ओळखता येईना. मग एका अक्षरामागे एक प्रश्नचिन्ह ठेवून तो मोकळा. २०१८ साली आठवी आवृत्ती आली तेव्हा कुठे ही सवय अधिकृतपणे बदलली. आणि प्रश्नचिन्हातून मूळ अक्षर परत काढता येत नाही. ते गेले ते गेलेच.

पुन्हा टंकायला बसलो. ह्या खेपेस कोणीसे सुचवले म्हणून डेटाबेसात ‘यूटीएफ-८’ असा पर्याय निवडला. बाळबोध नीट आले. मोडीची ओळ जिथे सुरू होत होती तिथे नोंद कापल्यासारखी संपली. त्याचेही कारण आहे. देवनागरीचे एक चिन्ह साठवायला तीन बाइट पुरतात. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली, सातव्या आवृत्तीत, पार मागच्या आळीत. तिथल्या अक्षरांना चार बाइट लागतात. आणि मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ-८’ ह्या नावाने जे मिळत होते ते तीनच बाइटांचे! चार बाइटांचे खरे रूप निराळ्या नावाने मागून घ्यावे लागते. ज्या लिपीत शतकानुशतके मराठी दफ्तर चालले, ती एका बाइटासाठी दाराबाहेर राहिली. इंग्रजीत काम करणाऱ्याला हे वर्षानुवर्षे कळतदेखील नाही, कारण त्याचे अक्षर कुठेही टाका, उमटतेच. सर्व्हर आणि घर ह्यांतला फरक पहिल्यांदा सोसतात त्या आपल्यासारख्यांच्या लिपी.

ह्यावर उपाय एकच: सर्व्हरावर जे आहे, अगदी तेच, त्याच आवृत्तीचे, घरी उभे करायचे. म्हणजे जे मोडायचे ते घरीच मोडेल. हे सुचायला वेळ लागला नाही, साधायला लागला.

पहिला टप्पा सगळे एका गाठोड्यात देण्याचा. २००२ च्या सुमारास निघालेले ‘झॅम्प’ अनेकांनी वापरले असेल. एका झटक्यात सर्व्हर, डेटाबेस आणि भाषा यंत्रावर येत. पण आवृत्ती प्रत्येकाची एकच. चार गिऱ्हाइकांची चार संकेतस्थळे चार वयांची असली, की एकाला बसणारा अंगरखा दुसऱ्याला घट्ट.

दुसरा टप्पा २०१० सालचा. मिचेल हाशिमोतो ह्या तरुणाने ‘व्हेग्रंट’, म्हणजे भटक्या, नावाचे साधन काढले. त्याने संगणकाच्या पोटात दुसरा सबंध संगणक उभा करता येई. आणि तो कसा असावा हे एका छोट्या फाइलीत लिहून ठेवता येई. ही लिहून ठेवण्याची कल्पना फार मोलाची. परंतु हा प्रकार पडदे, देखावे, कनाती, खुर्च्या असे सगळे नाट्यगृहच घेऊन निघणाऱ्या नाटक कंपनीसारखा. उभारणीला वेळ फार, जागा फार. दोन-तीन खेळ एकदम लावायचे म्हटले की यंत्राला धाप लागते.

तिसरा टप्पा पेटाऱ्याचा, म्हणजे कंटेनरचा. ह्याचे मूळ मात्र बरेच मागे आहे. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत अशी एक सोय आली, की एखाद्या कामाला एक कप्पा दाखवायचा आणि सांगायचे, जग म्हणतात ते एवढेच. २००० साली फ्रीबीएसडीने त्या कप्प्याच्या भिंती पक्क्या केल्या आणि त्याला सरळ ‘जेल’ म्हटले. २००६ साली गूगलमध्ये पॉल मेनाज आणि रोहित सेठ ह्यांनी कोणत्या कामाने किती स्मृती, किती प्रक्रियाशक्ती खावी ह्याचे माप घालून देणारे काम सुरू केले. ते जानेवारी २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आले. म्हणजे लाकूड, कड्या, बिजागऱ्या सगळे तयार होते. मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात सांता क्लारा येथे पायथनवाल्यांच्या मेळाव्यात सॉलोमन हाइक्स ह्याने पाचेक मिनिटांच्या भाषणात ‘डॉकर’ दाखवला, आणि पेटारा तयार झाला.

दशावताराशी ह्याचे साम्य कोठे आहे ते बघा. कंटेनर आपल्याबरोबर सबंध संगणक आणत नाही. लिनक्सचा गाभा तो यजमानाचाच वापरतो, जसा मांडव गावाचा. स्वतःचे कपडे आणि रंग तेवढे आणतो. म्हणून तो काही क्षणांत उभा राहतो, आणि एका यंत्रावर दहा पेटारे उघडले तरी जड होत नाहीत. उपमा इथवरच चालते. दशावतारी मंडळी आपला मुकुट जपतात, उसवला तर टाचतात. कंटेनर कोणी दुरुस्त करीत नाही. फाटला की टाकायचा आणि साच्यातून नवा काढायचा. डेटाबेसातला मजकूर तेवढा वेगळ्या ठिकाणी जपून ठेवलेला असतो. नाही तर पेटाऱ्याबरोबर तोही जायचा.

डॉकर म्हणजे गोदी कामगार. ह्या नावाची मला थोडी बोचणी लागते. जहाजावरची लोखंडी पेटी, खरा कंटेनर, माल्कम मॅक्लीन ह्याने २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ ह्या जहाजावर चढवली. अशा ५८ पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेल्या. आपल्याकडे १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि मुंबईच्या गोदीतली पाठीवरची हमाली ओसरत गेली. त्या गोदीत कोकणातले कितीतरी चाकरमानी होते. ज्या पेटीने गोदी कामगाराचे काम नेले, तिच्यावरून घेतलेल्या कल्पनेला नाव मात्र त्याच कामगाराचे.

असो. डॉकर आला तरी संकेतस्थळ करणाऱ्या साध्या माणसाचा प्रश्न लगेच सुटला नाही. सर्व्हरचा एक पेटारा, डेटाबेसचा दुसरा, ते एकमेकांना जोडायचे कसे, हे शिकण्यातच महिना जायचा. म्हणून डॉकरवर बसणारी सोपी साधने निघाली. त्यांपैकी ‘डीडेव्ह’ अमेरिकेतल्या कोलोराडोत जन्मले. पहिली पक्की आवृत्ती २०१८ ची. द्रुपल, वर्डप्रेस, टायपो-थ्री अशा प्रणालींवर काम करणाऱ्यांत ते रुजले. तुमच्या कामाच्या कप्प्यात एक छोटी फाइल राहते. पीएचपी अमुक, डेटाबेस तमुक, एवढे तिच्यात लिहिलेले असते. एक आज्ञा दिली की सारी मांडणी उभी. ती फाइल मालवणातून अमरावतीच्या मित्राला पाठवली, तर त्याच्याकडेही तीच मांडणी उभी राहते.

ह्या साधनाच्या सुधारित आवृत्त्या सतत निघतात, आणि पुष्कळांना त्यांचा कंटाळा येतो. ‘‘काल चालत होतं ते आज कशाला बदलता?’’ तक्रार रास्त आहे. पण बदलाची कारणे बघितली पाहिजेत. मॅक आणि विंडोजवर लिनक्सचा गाभाच नाही. म्हणजे देऊळ नसलेल्या गावात आधी मांडव घालावा लागतो. डॉकर तिथे आतल्या आत एक लहानसा लिनक्स उभा करतो. आपल्या फाइली बाहेर आणि खेळ आत, त्यामुळे मॅकवर पान उघडायला कंटाळवाणा वेळ जाई. २०२१ च्या आवृत्तीत ‘म्यूटाजेन’ नावाचा एक निरोप्या बसवला. तो फाइलींची प्रत आतही ठेवतो आणि दोन्हीकडचे फरक जुळवत राहतो, त्यामुळे वेग आला. २०२३ च्या आवृत्तीत दारावरचा वाटाड्या बदलला; कोणत्या नावाची विचारणा कोणत्या पेटाऱ्याकडे न्यायची हे पूर्वी एन्जिनएक्स बघत होता, ते काम ‘ट्रेफिक’ नावाच्या साधनाकडे गेले. डिसेंबर २०२४ मध्ये १.२४ ही आवृत्ती आली, तेव्हा नव्या कामासाठी मुकाट धरायची पीएचपी ८.३ झाली.

ह्या ‘मुकाट धरण्या’तच खरी मेख आहे. सांगितले नाही तर काय धरायचे, हे ठरवणारा माणूस फार मोठा निर्णय करीत असतो. स्वीडिश वर्णक्रमाने आपल्याला ते शिकवलेच आहे. पीएचपी ७.४ ला मिळणारा आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला. द्रुपल ७ चा आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. पण त्यांवर उभी असलेली संकेतस्थळे त्या रात्री काही मिटली नाहीत. जुन्या कामाच्या फाइलीत जुनी आवृत्ती लिहिलेली असली, तर साधन सुधारले तरी ते काम आपल्या जुन्याच कपड्यांत उभे राहते. आणि नवे कपडे घालून बघायचे तर आकडा बदलायचा, चालवायचे, काय फाटते ते पाहायचे, जमले नाही तर आकडा परत. सर्व्हरावर हा प्रयोग कोणी करू धजत नाही.

पैशाचा भाग वेगळाच. ऑगस्ट २०२१ मध्ये डॉकरने जाहीर केले, की अडीचशेहून अधिक माणसे किंवा वर्षाला एक कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न असलेल्या कंपन्यांनी ‘डॉकर डेस्कटॉप’चे पैसे द्यावेत. घरगुती, शैक्षणिक आणि छोट्या धंद्याच्या वापराला सूट राहिली. तरी पुष्कळांना वाटले, की मांडवाचे भाडे उद्या आपल्याकडेही मागतील. आणि कोलिमासारखे फुकट पर्याय पुढे आले. डीडेव्हवरही प्रसंग आला. ते काढणाऱ्या कंपनीने पुढे हात आखडता घेतला, तेव्हा रँडी फे ह्या देखभाल करणाऱ्या गृहस्थाने आणि वापरणाऱ्यांनी एका विश्वस्त संस्थेच्या आधाराने ते पुढे चालवले. ते आजही फुकट मिळते आणि वर्गणीवर चालते. जत्रेतला खेळही देवस्थानच्या आणि गावाच्या बिदागीवर चालतो. बिदागी आटली तर पेटारा माळ्यावर जातो, आणि तिथे त्याला वाळवी लागायला काही वर्षे जावी लागत नाहीत.

तिसऱ्या खेपेस भाच्याने आधी भाड्याच्या जागेवर कोणता डेटाबेस आहे ते विचारून घेतले. तोच आकडा घरच्या फाइलीत लिहिला, तिथल्यासारखे जुन्या वर्णमालेचे कोष्टक केले, आणि यादीतल्या पाच नोंदी चढवून पाहिल्या. आली ती सहा प्रश्नचिन्हे, पण घरीच आली. मग कोष्टक चार बाइटांचे केले. पुन्हा चढवले. बाळबोध आले, पाठोपाठ मोडीची ओळही आली; अर्थात त्याच्या यंत्रात मोडीचा टंक नसल्यामुळे तिथे नुसते चौकोन दिसत होते. टंक आणून घातल्यावर अक्षरे उमटली. उरलेल्या नोंदी आम्ही पावसाळ्यात टंकल्या. ह्या वेळी ती एक फाइल आणि यादीची प्रत अशी दोन्ही तीन ठिकाणी ठेवली आहेत, त्यांतले एक ठिकाण म्हणजे माझ्या कपाटातला पेनड्राइव्ह.