दळी जमीन
रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील डोंगरउतारांवर कातकरी, ठाकर आदी आदिवासींना ब्रिटिश काळात फिरत्या शेतीसाठी पट्ट्याने दिलेली वनजमीन. झाडोरा तोडून, वाळवून तो पावसापूर्वी जाळत आणि राखेत नाचणी, वरी पेरत. कस उतरला की तुकडा पडीक टाकून दुसरीकडे वळत. १८७८ च्या वन कायद्यानंतर सरकारी जंगलातील अशा शेतीवर निर्बंध आले व ती नेमून दिलेल्या क्षेत्रापुरती उरली. पट्टा बहुधा गटाच्या नाईकाच्या नावे असे. त्यामुळे प्रत्यक्ष कसणाऱ्यांकडे स्वतंत्र कागद नसे आणि पुढे वहिवाट शाबीत करणे अवघड झाले. वनजमिनींवरील जुन्या सरकारी पट्ट्यांचे हक्कपत्रांत रूपांतर करण्याची तरतूद २००६ च्या वनहक्क कायद्यात आहे.