हिमाखालची माती

ध्रुवप्रदेशातील बर्फ अनादी काळापासून तेथे आहे आणि पुढेही तसेच राहणार, अशी सर्वसाधारण समजूत असते. ग्रीनलंडच्या हिमस्तराविषयी अनेक शास्त्रज्ञांचे मतही बराच काळ याहून फारसे निराळे नव्हते. त्याच्या कडा झिजाव्यात, पुन्हा भराव्यात. पण मधला प्रचंड साठा मात्र गेली वीस-पंचवीस लाख वर्षे बहुतांशी अढळ असावा, असे मानले जाई. ही समजूत डळमळीत करण्यात ज्या वस्तूंचा मोठा वाटा आहे, त्यांपैकी एक म्हणजे गोठलेल्या मातीचा साडेतीन मीटर लांबीचा स्तंभ. त्याचा इतिहास मोठा विलक्षण आहे.

१९५९ साली अमेरिकेच्या लष्कराने वायव्य ग्रीनलंडमध्ये, थूले येथील हवाई तळापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत, बर्फात खोल चर खणून एक वसाहत उभारण्यास प्रारंभ केला. तिचे नाव ‘कॅम्प सेंचुरी’. तेथे निवासगृहे होती, रुग्णालय होते, आणि विजेसाठी एक लहानशी अणुभट्टीही होती. वैज्ञानिक संशोधन हा या वसाहतीचा उघड हेतू. बर्फाखालील बोगद्यांत शेकडो क्षेपणास्त्रे दडवून ठेवता येतील काय, हे पाहणे हा गुप्त हेतू. आणि तो जगाला कळण्यास १९९० नंतरचे दशक उजाडावे लागले. परंतु बर्फ स्थिर राहीना. तो सरकत होता, चरांच्या भिंती आत दबत होत्या, छते खाली येत होती. अखेर १९६७ साली वसाहत सोडून देण्यात आली. क्षेपणास्त्रांची योजना बर्फाच्या चंचलतेने मोडली, आणि त्याच बर्फाच्या दुसऱ्या एका चंचलतेचा पुरावा त्या मंडळींनी नकळत वर काढून ठेवला.

१९६६ साली लाइल हॅन्सन यांच्या तुकडीने तेथे सुमारे १३९० मीटर बर्फ आरपार छेदून तळ गाठला. हिमस्तराच्या थेट तळापर्यंत पोहोचलेले जगातील ते पहिले छिद्र होय. डेन्मार्कचे विली डान्सगार्ड यांनी त्या बर्फातील प्राणवायूच्या जड व हलक्या अणूंचे प्रमाण मोजले आणि त्यावरून गेल्या एक लक्ष वर्षांतील हवामानाचा आलेख काढला. १९६९ साली तो प्रसिद्ध झाला, आणि हिमस्तर हा हवामानाचा इतिहासग्रंथ आहे, ही जाणीव रुजली. बर्फाचे असे कौतुक झाले; तळाशी लागलेल्या मातीकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. चेस्टर लँगवे यांच्याबरोबर ती लष्करी प्रयोगशाळेतून बफेलो येथील विद्यापीठात गेली, तेथून पुढे कोपनहेगनला पोहोचली, आणि शीतगृहात काचेच्या बरण्यांमध्ये पडून राहिली. २०१७ साली शीतगृहातील सामानाची आवराआवर चालू असता त्या बरण्या पुन्हा हाती आल्या.

२०१९ साली अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठात अँड्र्यू क्राइस्ट, पॉल बीअरमन व त्यांचे सहकारी ही माती धुऊन पाहू लागले. पाण्यावर काळे ठिपके तरंगू लागले. भिंगाखाली धरताच ते डहाळ्यांचे, पानांचे व शेवाळाचे तुकडे असल्याचे दिसून आले. ज्या जागी आज सव्वा किलोमीटरहून अधिक जाडीचा बर्फ आहे, तेथे एकेकाळी वनस्पती उगवत होत्या!

पण केव्हा? मातीतील खनिजांचे कण अंधारात गाडले गेले म्हणजे सभोवारच्या किरणोत्सर्गाची ऊर्जा त्यांत हळूहळू साठत जाते. सूर्यप्रकाश लागताच ती निघून जाते. साठलेल्या ऊर्जेचे मोजमाप केले की शेवटचे ऊन कणांवर केव्हा पडले ते कळते. २०२३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, वरच्या थरातील माती सुमारे ४ लक्ष १६ हजार वर्षांपूर्वी, ३८ हजार वर्षे इकडेतिकडे धरून, उघड्या जमिनीवर साचली.

दोन हिमयुगांमधील उबदार काळाची कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. लोकमान्य टिळकांच्या १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथाची उभारणीच तिच्यावर होती. त्यातील ऐतिहासिक अनुमाने मान्य होवोत वा न होवोत. मातीने दाखविलेला काळ असाच एक उबदार काळ होता. पृथ्वीची कक्षा त्या वेळी जवळजवळ वर्तुळाकार होती, आणि ऊब सुमारे तीस हजार वर्षे टिकली. ती फार प्रखर नव्हती. दीर्घ मात्र होती. तेवढ्यावर ग्रीनलंडचा इतका बर्फ गेला की, त्यायोगे समुद्राची पातळी निदान १.४ मीटरने वाढली असावी. अंटार्क्टिकाचा वाटा धरता एकूण वाढ याहून कितीतरी अधिक होती.

येथेच या इतिहासाचा आजच्या मनुष्याशी संबंध येतो. त्या उबदार काळी हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे २८० होते, म्हणजे यंत्रयुगाच्या आरंभी होते तेवढेच. २०२४ साली ते ४२० च्या वर गेलेले होते. ग्रीनलंडच्या मध्यभागी १९९३ साली तीन किलोमीटर बर्फाखालून काढलेल्या मातीतही २०२४ साली खसखशीच्या जातीच्या वनस्पतीचे बी, विलोचे अवशेष आणि एका कीटकाचा डोळा आढळला. गेल्या अकरा लक्ष वर्षांत केव्हातरी मध्यभागही उघडा पडला होता, याचीच ती साक्ष होय.

यावरून उद्याच समुद्र किनारे गिळील असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. ग्रीनलंडचा सारा बर्फ वितळल्यास समुद्र सुमारे सात मीटर चढेल; पण त्यास शतके नव्हे, सहस्रके लागतील. हिमस्तर सावकाश उत्तर देतो. मात्र एकदा ढळलेला हिमस्तर पुन्हा उभा राहण्यासही तसाच दीर्घ काळ लागतो. आणि ज्या पिढीने त्याला प्रश्न विचारला, तिला त्याचे पूर्ण उत्तर ऐकावयास मिळत नाही. ते तिच्या वंशजांच्या वाट्यास येते.