तळटीप १७ : 'विहीर भरत चालली'

१७. 'विहीर भरत चालली' : विहीर पाण्याची नव्हे, टेक्सासमधील नैसर्गिक वायूची. वायूबरोबर पाणी आणि कंडेन्सेट (हलके खनिज तेल) थेंबांच्या रूपाने वर येतात. साठ्याचा दाब घटला की वायूचा वेग मंदावतो, थेंब नळीतच मागे पडतात आणि तळाशी द्रव साचू लागतो. १०० मीटर पाण्याचा भार सुमारे १० वातावरणांइतका. कमी दाबाची जुनी विहीर तेवढ्यानेही बंद पडू शकते. थेंब वाहून नेण्यास लागणाऱ्या किमान वेगाचे सूत्र टर्नर, हबर्ड आणि डकलर यांनी १९६९ मध्ये मांडले. त्यात त्यांनी २० टक्के वाढ धरली होती. कमी दाबाच्या विहिरींना ती लागत नाही, असे कोलमन व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवले. पुढच्या परिच्छेदात आलेखावरचे 'दाते' येतात, ते म्हणजे प्रवाहमापकाच्या नोंदीतल्या उसळ्या : साचलेला द्रव मधूनच लोटाने वर आल्याची खूण. उत्पादनाची रेषा एकाएकी खाली वळणे, पॅकर (दोन नळ्यांमधली जागा बंद करणारा अडसर) नसलेल्या विहिरीत केसिंग (बाहेरची नळी) व ट्युबिंग (आतली नळी) यांच्या दाबांतील फरक वाढत जाणे, हीदेखील लक्षणेच. खात्रीचा पुरावा मात्र नळीत दाबमापक उतरवून मिळतो. वायूतून खाली जाताना दाब अगदी थोडा वाढतो, द्रवात शिरताच झपाट्याने; ती पातळी आणि तिच्याखालची खोली यांवरून द्रव किती साचला ते ठरते. फोरमनने विहीर 'आटली' म्हणणे म्हणूनच घाईचे : साठ्यात पुष्कळ वायू शिल्लक असतानाही असे होते.