३३.८ जीबीची भिंत

१९९९ च्या सुमारास ३३.८ जीबीहून मोठी हार्ड डिस्क जोडताच अनेक संगणक सुरू होतानाच अडकून पडत. दोष डिस्कचा नव्हता. मदरबोर्डवरील बायोस सिलिंडरांची संख्या १६ बिटांत मोजे आणि ६५,५३५ च्या पुढे त्याचा हिशेब कोलमडे. जंपर लावून डिस्क लहान भासवता येई, पण मग विकत घेतलेली जागाच वाया!

अनेक जुन्या बोर्डांना नवा बायोस मिळालाच नाही. तेव्हा हौशी मंडळींनी बायोसची फाइल उघडून ती आकडेमोड स्वतःच दुरुस्त केली. चिपवर लिहिताना वीज गेली, की बोर्ड निकामी. मग तशाच दुसऱ्या बोर्डावर संगणक सुरू करायचा, चालू यंत्रातून त्याची चिप उपसायची, तिथे बिघडलेली बसवायची आणि तिच्यावर पुन्हा लिहायचे.