विमानांतील डावें आसन

विमानाच्या अग्रभागीं वैमानिकांसाठीं दोन आसनें असतात. उजव्या आसनावर सहवैमानिक बसतो, डाव्यावर कप्तान. विमान दोघेही चालवितात. परंतु हवामान बिघडल्यास पुढें जावें कीं परत फिरावें, याचा अखेरचा निर्णय डाव्या आसनावरील व्यक्तीनेंच घ्यावयाचा असतो. भारतीय स्त्रीवैमानिकांचा इतिहास म्हणजे या दोन आसनांमधील हातभर अंतर ओलांडण्याचा इतिहास होय.

इ. स. १९४७ सालीं प्रेम माथुर यांनीं व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविला. परवाना हातीं आला, पण नोकरी मिळेना. आठ कंपन्यांनीं त्यांस नकार दिला. स्त्री विमान चालवीत आहे असें कळतांच उतारू घाबरतील, हें त्याचें कारण! शेवटीं हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनें त्यांना सहवैमानिक म्हणून घेतलें. १९४९ मध्यें त्यांनीं राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली. तथापि त्या कंपनींत कप्तानपद त्यांच्या वांट्यास आलें नाहीं. वैमानिकाची परीक्षा पुरी झाली होती. उतारूंच्या त्या कल्पित भीतीची परीक्षा मात्र कोणीं घेतलीच नव्हती.

१९६६ मध्यें दुर्बा बॅनर्जी या इंडियन एअरलाइन्सच्या पहिल्या स्त्रीवैमानिक झाल्या आणि वाट थोडी रुंदावली. त्याच वाटेनें पुढें आलेलें नांव म्हणजे सौदामिनी देशमुख. सौदामिनी म्हणजे वीज! नोव्हेंबर १९८५ मध्यें कलकत्ता-सिलचर मार्गावर फोकर एफ-२७ हें चाळीसएक उतारूंचें विमान निघालें, तेव्हां डाव्या आसनावर त्या होत्या आणि उजव्या आसनावर निवेदिता भसीन. विमानांतील सेविकाही स्त्रियाच. केवळ स्त्रियांनीं चालविलेलें आपल्या देशांतील हें पहिलें प्रवासी उड्डाण. पुढें देशमुख यांनीं बोइंग ७३७ आणि एअरबस ए-३२० या जेट विमानांचेंही कप्तानपद भूषविलें.

परवान्यापासून या उड्डाणापर्यंत अडतीस वर्षें गेलीं. विमानाच्या यंत्रास चालविणारा हात कोणाचा हें कधींच कळत नव्हतें. कळावयाचें होतें तें माणसांना. आजमितीस जगांतील वैमानिकांत स्त्रिया शेंकडा सुमारें ५ आहेत. भारतांत हें प्रमाण त्याच्या दुपटीहून अधिक आहे. उतारू निर्धास्तपणें बसतात, झोंपही घेतात. आठ कंपन्यांच्या नकारास याहून समर्पक उत्तर तें कोणतें?